नाचातला हात

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तारपा नाच ठेवायचं ठरलं तेव्हा मी एस. वाय. ला होते. ठरवलं सांस्कृतिक विभागाच्या सरांनी. जव्हारच्या त्या कॉलेजात पाड्यांवरची मुलं पुष्कळ होती, पण गॅदरिंगला दरवर्षी कोळीगीतं आणि लावण्याच व्हायच्या. त्या वर्षी कोणी मोठे पाहुणे यायचे होते आणि त्यांना 'इथलं काहीतरी' दाखवायचं होतं. सरांनी वर्गात येऊन विचारलं, "तारपा नाच कुणाकुणाला येतो?" कुणी हात वर केला नाही. येत तर अर्ध्या वर्गाला होता. पण 'मला येतं' असं कॉलेजात सांगण्यासारखी ती गोष्ट आहे, हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

शेवटी माझी रूम पार्टनर उभी राहिली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हिचा मामा तारपा वाजवतो, सर."

मी सूर्यमाळच्या खालच्या एका पाड्यावरची. पाड्यातून कॉलेजात आलेली पहिली मुलगी. जव्हारला मुलींच्या शासकीय वसतिगृहात राहायचे. पुस्तकातलं मराठी वाचता यायचं, पण तोंड उघडलं की 'पाणी'चं 'पानी' व्हायचं आणि 'काय झालं'चं 'काय झाला'. वर्गात हसायचे, म्हणून मी फारसं तोंड उघडत नसे. पार्टनर पोशेऱ्याची. तिच्या घरी जमीन नव्हती. आईबाप दरवर्षी भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचे आणि तिचं अर्धं लहानपण भट्टीवरच गेलेलं. त्यामुळे ती शाळेत उशिरा आली होती, माझ्याहून मोठी होती आणि रागावली की हिंदीत बोलायची. तिला कुणाचीच भीती वाटायची नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

मामाला निरोप गेला. तो एका सकाळी मोखाड्याहून येणाऱ्या एसटीतून उतरला, खांद्यावर धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला तारपा. जव्हारजवळच्या पाड्यावर त्याचे नातेवाईक होते, तिथे राहायचं आणि दुपारी तास संपल्यावर कॉलेजात यायचं, असं ठरलं. कॉलेजमागच्या मोकळ्या जागेत सराव सुरू झाला.

तारपा नाच ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते. तारपा म्हणजे दुधी भोपळ्याचं लांब फुंकवाद्य, ते वाजवणारा मधे असतो. बाकीचे एकमेकांच्या कंबरेमागून हात घालून साखळी करतात आणि त्याच्याभोवती फिरतात. बाई, बाप्या, पोरगे, पोरी, सगळे त्यात असतात. भात झोडून झालं की आमच्याकडे हा नाच सुरू व्हायचा. माझ्या एका बाजूला चुलतभाऊ असायचा, दुसऱ्या बाजूला शेजारच्या घरचा माणूस, आणि त्यात काही विशेष आहे असं कधी कुणाला वाटलं नाही.

सरावाला मुलगे कमी पडले. एकाला कावीळ झाली, तो घरी गेला. मग विद्यार्थ्यांचा सांस्कृतिक सचिव होता तो म्हणाला, "मी येतो. शिकवा मला." तो टी. वाय. ला होता, जव्हारच्या बाजारपेठेतला, दुकानदाराच्या घरचा. बोलायला चांगला. सगळ्यांची कामं करायचा. आमच्यासाठी चहा सांगायचा, मामाला खुर्ची आणून द्यायचा. सरांचा त्याच्यावर पूर्ण भरवसा होता. त्याला पावलं मीच शिकवली. शिकवायला मला आवडलंही. बाजारपेठेतला मुलगा आमच्या पाड्याचं काहीतरी माझ्याकडून शिकतोय, याची मजा वाटत होती. पुढे कॉलेजच्या तक्रार समितीसमोर हेही माझ्याविरुद्ध आलं, की ती तर हसतखेळत होती.

पहिले काही दिवस ठीक गेले. मग त्याचा हात हलायला लागला. आधी वाटलं, नवीन आहे, पाऊल चुकलं की तोल जातो. पण पाऊल बरोबर पडत असतानाही हात कंबरेवरून वर यायचा, बोटं पोलक्याच्या खाली शिरायची. मी दुसऱ्या दिवशी जागा बदलली आणि साखळीच्या टोकाला पार्टनरच्या पलीकडे गेले. थोड्या वेळानं तो पाणी प्यायला म्हणून बाजूला झाला आणि परत आला तो माझ्या शेजारी. मी परत जागा बदलली. तोही बदलला. मामा मधे उभा होता, पण तारपा वाजवताना त्याचे गाल फुगलेले आणि डोळे मिटलेले असायचे. त्याला काही दिसलं नाही.

हॉस्टेलवर आल्यावर मी पार्टनरला म्हटलं, "तो हात नीट ठेवत नाही."

ती केस विंचरत होती. फणी तशीच डोक्यात ठेवून म्हणाली, "मला वाटलं माझ्याशीच करतो. म्हणून तर मी वरून स्वेटर घालते."

जव्हारला त्या दिवसांत थंडी असायचीच, त्यामुळे तिच्या स्वेटरचं मला काही वाटलं नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी सराव संपल्यावर सरांनी मला घुंगरं आणि काठी साहित्याच्या खोलीत ठेवायला सांगितली. ती खोली म्हणजे एक अंधारी जागा. जुने बाक, तुटलेलं कॅरम, क्रिकेटच्या पेट्या. मी आत गेले आणि पाठोपाठ तो आला. दार त्यानं लावलं नाही, नुसतं लोटलं. मी बाहेर पडायला वळले तर तो मला बाकांच्या थप्पीला टेकवून उभा राहिला आणि त्यानं मला दोन्ही हातांनी धरलं. त्यापुढचं सविस्तर लिहीत नाही. नाचात लपून करायचा ते इथे त्यानं उघड केलं आणि वर म्हणाला, "रोज कंबरेला हात घालून नाचतेस. मग आता काय झालं?"

मी ओरडले नाही. 'का नाही ओरडलीस' हे पुढे मला बऱ्याच जणांनी विचारलं. उत्तर एवढंच आहे की आवाजच आला नाही. बाहेर शिपायाच्या चाव्यांचा आवाज झाला, तसा तो झटकन बाजूला झाला आणि रोजच्या आवाजात म्हणाला, "ठेवलीस का गं घुंगरं? चल, मामांना चहा सांगितलाय." तो आवाज मला त्याच्या हातांहून जास्त दिवस आठवत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून मी सरावाला गेले नाही. सरांनी बोलावून घेतलं. म्हटलं पोट दुखतंय. त्यांनी एक दिवस ऐकून घेतलं, मग चिडले. "ऐनवेळी नाव काढून घेतेस? तुझ्या मामाला आम्ही इतक्या लांबून आणलं." मामानंही संध्याकाळी हॉस्टेलच्या फाटकाशी येऊन विचारलं, "काय झाला, बाय? कुनी बोलला का?" मी नाही म्हणाले. मामाला काय सांगणार?

पार्टनरला मात्र मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "किसी को बोलना पड़ेगा." मी म्हटलं, घरी कळलं तर बाबा मला उद्याच घेऊन जाईल. ती म्हणाली, "घरी नाही. मॅडमला."

समाजशास्त्राच्या मॅडम आमच्याकडे नवीन आल्या होत्या. तासिका तत्त्वावर, म्हणजे तासापुरत्या नेमलेल्या. साताऱ्याकडच्या होत्या, एक खोली भाड्यानं घेऊन राहायच्या. वयानं आमच्याहून फार मोठ्या नसाव्यात. कॉलेजच्या जिन्याजवळ महिला तक्रार समितीची एक पाटी लावलेली होती. न्यायालयानं सांगितल्यावर सगळीकडे अशा समित्या झाल्या तशी आमच्याकडेही झाली होती. त्या पाटीवर सगळ्यात शेवटी मॅडमचं नाव होतं. ती पाटी आम्ही रोज ओलांडायचो. तिच्यापाशी जाऊन काही करायचं असतं हे मला माहीत नव्हतं. पार्टनरनं वाचलं होतं.

आम्ही त्यांच्या खोलीवर गेलो. त्या भाजी निवडत होत्या. पार्टनर माझ्याकडे बघून म्हणाली, "मी सांगू की तू सांगशील?" मी म्हटलं, मी सांगते. आणि मग बराच वेळ काही सांगितलंच नाही. मॅडम भाजी निवडत राहिल्या. त्या घाई करत नव्हत्या म्हणूनच बहुतेक मला सांगता आलं. मधेच 'काय झालं'च्या जागी 'काय झाला' आलं, पण त्या हसल्या नाहीत.

ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "खरं सांगते, असं प्रकरण मी कधी हाताळलेलं नाही. माझ्याकडे एक परिपत्रक आहे, ते मी पुन्हा वाचेन. पण आधी मला सांग, तुला काय हवंय?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे त्याला शिक्षा व्हावी, की त्यानं तुझ्या वाटेला जाऊ नये, की आणखी काही? तू नको म्हणालीस तर मी कुणाशीच बोलणार नाही."

मला काय हवंय याचा विचार मी केलाच नव्हता. आपल्याला काय नको एवढंच ठाऊक होतं. मी भाजीच्या देठांकडे बघत म्हणाले, "मला नाचायचंय. तो नको."

मॅडमनी दुसऱ्या दिवशी प्राचार्यांची गाठ घेतली. प्राचार्य माणूस वाईट नव्हते, पण गॅदरिंग तोंडावर आलं होतं. त्यांनी सांगितलं, "पाहुणे येऊन जाऊ द्या. मग बघू." मॅडम म्हणाल्या, मुलीला नाचायचं आहे आणि नाच गॅदरिंगमध्येच आहे, तर नंतर बघून काय उपयोग? तिथे सांस्कृतिक विभागाचे सरही बसलेले होते. त्यांनी एका वाक्यात प्रश्न सोडवला. म्हणाले, "मग तारपाच नको. मुलामुलींनी असं कंबरेला हात घालून नाचायचं म्हटलं की हे होणारच. सुरक्षित ते बरं."

दुपारी सूचनाफलकावर लागलं की तारपा नाच रद्द.

नाचातली सगळी मुलं मला भेटायला आली, ती भांडायलाच. तक्रार करणारी मुलगी मीच, हे त्यांना कसं कळलं माहीत नाही. एक वावरचा मुलगा होता. वावर म्हटलं की लोक लगेच म्हणायचे, 'कुपोषणात मुलं गेली ते गाव ना?' आणि तो चिडायचा. नाचात तो सगळ्यात पुढे असायचा, साखळीच्या तोंडाशी, काठी घेऊन. कॉलेजात पहिल्यांदाच त्याला लोक वेगळ्या कारणानं ओळखायला लागले होते. तो म्हणाला, "तुझ्यामुळं आमचा नाच गेला."

पार्टनरनं मला हळूच विचारलं, "सांगू?" मी मान हलवली. तिनं सांगितलं, हिंदीत आणि मराठीत मिळून, काही न झाकता. मुलं खाली बघायला लागली. वावरच्या मुलानं विचारलं, "तू सारखी जागा बदलायचीस, ती त्यामुळं?"

"हो."

"मी बघितलं होतं. तो पण तुझ्यामागं जागा बदलत होता. मला वाटलं, तुमचं दोघांचं काहीतरी चाललंय. लपाछपी करताय."

मला त्याचा राग आला आणि बरंही वाटलं. कुणीतरी बघितलं तरी होतं. मॅडमना जाऊन हेच सांगशील का, म्हणून मी विचारलं. तो गेला. त्याच्याबरोबर आणखी दोघी गेल्या. त्यांच्यापैकी एकीनं मॅडमना आपलंही काही सांगितलं म्हणे. ते काय, ते मी कधी विचारलं नाही.

मग समिती बसलीच. प्राचार्यांना टाळता येईना. प्रयोगशाळेच्या बाजूच्या खोलीत चार खुर्च्या टाकलेल्या. मराठीच्या वरिष्ठ बाई अध्यक्ष, ऑफिसातले मोठे क्लार्क, बाहेरच्या सदस्य म्हणून सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर, आणि आमच्या मॅडम. मला खुर्ची समोर दिली होती, सिस्टर म्हणाल्या, "समोर नको, इकडे माझ्या बाजूला बस."

मी सांगितलं. क्लार्क भाऊसाहेब लिहून घेत होते. त्यांनी मान वर केली नाही, ते मला सोयीचं गेलं. अध्यक्ष बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि ज्याची मला भीती होती तेच विचारलं. रागानं नाही, अगदी साधेपणानं.

"तुमच्यात तर कंबरेला हात घालूनच नाचतात ना? मग नाचताना झालेला स्पर्श आणि हा, यात तुला फरक कसा कळला?"

माझं पुस्तकी मराठी त्या क्षणी कुठे गेलं कोण जाणे. मी आमच्या बोलीतच बोलले. "बाई, नाचात पाय हालतात. हात नाय हालत. हात नुसता धरलेला असतो, पडू नये म्हनून. माझा चुलता, माझा भाव, सगली माझ्या कंबरेला हात घालून नाचलीत. मला कधी हात जानवला पन नाय. याचा जानवला."

सिस्टर म्हणाल्या, "लिहा भाऊसाहेब, तिच्या शब्दांत लिहा."

"आणि तू त्याला स्पष्ट नको असं म्हणालीस का?" बाईंनी विचारलं.

"तोंडानं नाय म्हनलं. जागा बदलली. दोनदा."

मग मला बाहेर बसवलं आणि त्याला आत बोलावलं. माझ्यासमोरून तो आत गेला. त्याचा चेहरा उतरलेला होता आणि शर्ट इस्त्रीचा होता. आत काय झालं ते मॅडमनी मला नंतर सांगितलं. तो म्हणाला की त्यानं काही केलं नाही. मग म्हणाला की गंमत होती. मग म्हणाला की ती हसायची, बोलायची, कधी नको म्हणाली नाही, त्याला वाटलं तिला चालतंय. तेव्हा अध्यक्ष बाईंनीच त्याला विचारलं, "तिनं जागा बदलली, तेव्हा तू कशाला बदललीस?" मॅडम म्हणाल्या, "मला वाटलं होतं बाई प्रकरण मिटवतील. पण त्या प्रश्नानंतर त्यांचा आवाजच बदलला."

त्याचं सचिवपद काढलं. गॅदरिंगला यायची बंदी केली. आम्ही मुली जिथे असू तिथे त्यानं यायचं नाही, असं लिहून घेतलं. कॉलेजातून काढलं नाही. टी. वाय. ची परीक्षा जवळ आहे, मुलाचं वर्ष जाईल, असं प्राचार्य म्हणाले. त्याचे वडील दोनदा येऊन मोठ्यानं बोलून गेले, एकदा कॉलेजात आणि एकदा आमच्या हॉस्टेलच्या गृहपाल बाईंकडे. माझंही वर्ष जाऊ शकलं असतं, हे कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. सिस्टरांनी म्हटलं असेल कदाचित.

माफीही लिहून घेतली. पहिल्यांदा त्यानं लिहिलं होतं, 'माझ्याकडून काही गैरसमज झाला असल्यास मी दिलगीर आहे.' मॅडमनी ते परत पाठवलं. म्हणाल्या, गैरसमज कुणाचा झालेला नाही, काय केलं ते लिही. दुसऱ्यांदा त्यानं दोन ओळी लिहिल्या. मी त्या वाचल्या आणि मॅडमना परत दिल्या. मला त्या जवळ ठेवायच्या नव्हत्या.

व्हायचं तेच झालं, बातमी घरी गेली. मामा समितीच्या आदल्या दिवशीच तारपा घेऊन पाड्यावर गेला होता, नाच रद्द झाला म्हणून. तिथे कुणी जव्हारहून आलेल्यानं सांगितलं असावं. रविवारी आई आली, एकटी. बाबा आला नाही म्हणजे तो रागावला असणार. आई हॉस्टेलच्या ओट्यावर बसली आणि कितीतरी वेळ पदरानं घाम पुसत राहिली.

मग म्हणाली, "तुझा बापूस बोलतो, पोरीला घेऊन ये."

"आणि तू?"

"मी कशाला बोलू? तू काय चोरी केलीस?" मग थोडं थांबून, "तो पोऱ्या परत आला तर?"

मी म्हटलं, त्याला बंदी आहे. "कागदावर?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. तिचा कागदावर विश्वास नव्हता, पण तिनं मॅडमना भेटायचं ठरवलं. मॅडमच्या खोलीत त्या दोघी काय बोलल्या असतील याचं मला नवलच वाटतं, कारण आईला मॅडमचं मराठी आणि मॅडमना आईची बोली धड कळत नव्हती. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "बाई चांगली हाय. एकटी राहते बिचारी."

नाच पुन्हा ठेवायला प्राचार्यांचं मन वळवावं लागलं. ते काम वावरच्या मुलानं केलं. तो आणि बाकीची मुलं प्राचार्यांकडे गेली आणि म्हणाली, एकाच्या चुकीसाठी सगळ्यांना का बसवता? प्राचार्य हो म्हणाले. मामा मात्र यायला तयार होईना. त्याला लाज वाटत होती. आपल्या डोळ्यांसमोर झालं आणि आपल्याला दिसलं नाही, याची. आईनंच त्याला धाडलं. तिनं त्याला काय सांगितलं ते त्यानं आल्याआल्या मला ऐकवलं, "तुझी आई बोलली, नाचानं काय वाईट नाय केला. नाच कशाला बंद करता?"

गॅदरिंगला आम्ही नाचलो. मागच्या रांगेतून शिट्ट्या आल्या. कुणीतरी काहीतरी ओरडलं, ते ऐकू आलं नाही. मी पार्टनर आणि वावरचा मुलगा यांच्या मधे होते. तो इतका बिचकला होता की त्याचा हात माझ्या कंबरेला नीट लागतच नव्हता. मी त्याला म्हटलं, "धर की नीट, पडेन मी." तो म्हणाला, "धरू ना?" मी म्हटलं, "हो." मग साखळी नीट झाली.

त्यानंतर मॅडमनी प्राचार्यांकडून एक तास मागून घेतला, मुलामुलींना एकत्र बसवायचा. पहिला तास अगदी फसला. त्यांनी फळ्यावर 'संमती' असा शब्द लिहिला आणि व्याख्या सांगितली. संमती हा शब्द आम्ही फक्त संमतीपत्रात वाचलेला, सहलीला जायचं असलं की वडिलांचा अंगठा घ्यायचा तो. मुलगे एकमेकांना कोपरानं ढोसत होते, मुली पायाच्या अंगठ्याकडे बघत होत्या. मॅडम घामाघूम झाल्या आणि वेळेआधीच तास संपवला.

दुसऱ्या वेळी त्यांनी काहीच लिहिलं नाही. नुसतं म्हणाल्या, "मागच्या तासाला मला तुमचं काहीच कळलं नाही. आज तुम्ही विचारा."

मग मागून एक मुलगा म्हणाला, "विचारायचं, विचारायचं म्हणता मॅडम, पण विचारायचं म्हणजे कसं? तोंडानं?" सगळे हसले. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "तोंडानं नाही तर कशानं?"

"पण तोंडानं विचारलं तर ती नाहीच म्हणेल ना!"

यावर तर मुलीसुद्धा हसल्या. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे तुला आधीच माहीत आहे ती नाही म्हणेल, म्हणून तू विचारत नाहीस?" त्या मुलाची चेष्टा करावी असं मॅडमना वाटत नव्हतं, म्हणून त्या पुढे सरकल्या.

मग वावरचा मुलगा उभा राहिला. म्हणाला, "आमच्याकडे विचारतात. लग्न ठरवायला पाहुणे येतात, तेव्हा दारू पिण्याआधी पंच मुलीला विचारतात, पोरी, तुझं मन आहे का? ती हो म्हणाली तरच पितात." तो छाती काढून बोलत होता. बाजारपेठेतल्या मुलांना हे माहीत नव्हतं, ती बघत राहिली. मॅडमनाही नवीन होतं. त्यांनी वहीत टिपून घेतलं, आणि मला वाटलं, आता तास इथेच छान संपणार.

पण पार्टनर उठली. "विचारतात," ती म्हणाली. "माझ्या बहिणीला पण विचारलं. सगळा गाव बसलेला, पाहुणे बसलेले, बकरा कापलेला, दारू ओतलेली. तेव्हा विचारलं, मन आहे का? तिथं कोण नाही म्हणेल? मला पण विचारतील. मी पण हो म्हणेन."

वावरच्या मुलाला राग आला होता, तो म्हणाला, "पण विचारतात तरी. दुसऱ्यांत तेवढं पण नाही." पार्टनर म्हणाली, "हां, विचारतात. पण बकरा कापायच्या आधी विचारायला पाहिजे."

त्यावर जे बोलणं सुरू झालं ते तासाची घंटा झाली तरी थांबेना. कुणी म्हणत होतं, मास्तरनं मुलीला एकटीला थांबवलं तर ती नाही कशी म्हणेल? कुणी म्हणत होतं, मुकादमानं सांगितलं तर बाई नाही कशी म्हणेल? वीटभट्टीचा विषय निघाला आणि पार्टनर खाली बसली. ती त्यावर बोलली नाही. मी तिला नंतरही विचारलं नाही. तिला सांगायचं असतं तर तिनं सांगितलं असतं, एवढं मला त्या महिन्यात कळलं होतं.

पुढच्या वर्षी मॅडम आल्या नाहीत. तासिका तत्त्वावरच्यांचं असंच असतं, दर वर्षी नव्यानं नेमायचं. समितीमुळे त्यांना घेतलं नाही असं काही जण म्हणायचे. मला खात्री नाही. पार्टनर डिसेंबरात भावाच्या लग्नाला गेली ती परीक्षेपुरतीच परत आली. लग्न तिचंही ठरलं होतं. तिला कधी विचारलं, बकऱ्याच्या आधी की नंतर, ते तिनं मला हसत सांगितलं होतं, पण ते तिचं आहे, इथे लिहीत नाही.

मॅडम जाताना मला सांगून गेल्या होत्या की नव्या मुली हॉस्टेलला आल्या की त्यांच्याशी बोल. मी बोलले. सगळ्यांना आमच्या खोलीत बसवलं आणि साध्या गोष्टी सांगितल्या. पाटी कुठे आहे, तिच्यावर कुणाची नावं आहेत, साहित्याच्या खोलीत एकटीनं जायचं नाही, जीपमध्ये पाठीमागे बसलात आणि कुणी पाय लावला तर जागा बदलून गप्प बसू नका, जीप थांबवा. नको हे तोंडानं म्हणायचा सराव करा, नाहीतर वेळेला आवाज येत नाही. मी प्रत्येकीकडून मोठ्यानं 'नको' म्हणवून घेतलं. खालून गृहपाल बाई ओरडल्या, "काय चाललंय गं वर?"

खोडाळ्याकडची एक बारकी मुलगी होती, फर्स्ट इयरची. सगळं झाल्यावर तिनं हात वर केला. "ताई, आणि हो म्हणायचं असलं तर?"

मुली पोट धरधरून हसल्या. ती बिचारी लाल झाली, पण हात तसाच वर. तिला खरंच विचारायचं होतं. मला उत्तर येईना. हो कसं म्हणायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मॅडम साताऱ्याला होत्या. मी म्हटलं, "थांब, विचार करू." मग सगळ्यांनी मिळून विचार केला. एकीनं सांगितलं, हो म्हटलं की लोक म्हणतात पोरगी चालू आहे. दुसरी म्हणाली, म्हणून तर पोरी गप्प बसतात, आणि पोरं गप्प म्हणजे हो समजतात. तिसरी म्हणाली, आज हो म्हटलं आणि उद्या नको वाटलं तर? त्याचं उत्तर मात्र आम्हाला येत होतं आणि चार-पाच जणींनी ते एकदम दिलं, "मग नको म्हणायचं!"

त्या खोडाळ्याच्या मुलीला पुढे नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि ती नाशिकला गेली. तिनं कुणाला हो म्हटलं की नाही, मला माहीत नाही.